उघाडी

रबाळ्याच्या लॅबमध्ये मिठाच्या धुक्याची पेटी आहे.
पस्तीस अंश, पाच टक्के मीठ,
अठ्ठेचाळीस तास.
काचेआड आमचा डबा बसलेला,
माथ्यावर थेंब घेऊन,
नवस फेडायला आलेल्या माणसासारखा गप्प.

इंधन मोजणारा डबा. चार किलोंचा.
विमानात त्याची जागा चाकांच्या कोनाड्यात.
धावपट्टीवर उन्हात उभं असताना सत्तर अंश,
वर गेल्यावर उणे पंचावन्न,
दिवसाला असे तीन हेलपाटे.
तांब्याची रेघ आणि कथलाचा टाका
आपापल्या मापाने आकसतात.
भांडण तिथे सुरू होतं,
आवाज न करता.

थंडी त्याने सोसली. हलवणाऱ्या टेबलानेही
काही केलं नाही; तस्लिमने
प्रत्येक उंच कपॅसिटरच्या बुडाशी
थेंब थेंब गोंद लावून ठेवला होता.
मी कुठल्याच भागावर
त्याला सोसेल त्याच्या निम्म्याहून जास्त भार टाकला नव्हता.
(आमच्या घरी हा नियम कुणाला ठाऊक नव्हता.
आईच्या डोक्यावर मिठाची पाटी
कायम काठोकाठ.)

तरी दाबाच्या पेटीतून बाहेर काढला तेव्हा
चौदा नंबरच्या पिनेपाशी हिरवं उगवलेलं,
आणि तळाशी चमचाभर पाणी.

सील शाबूत. स्क्रू शाबूत.
कुरियन सर म्हणाले, अजून घट्ट करा.
केलं. रबराची कडी बदलली,
पुन्हा वर नेला, खाली आणला, दहादा.
आता दीड चमचा.

डबा श्वास घेतो, हे मला तेव्हा कळलं.
वर जाताना आतली हवा केसाएवढ्या वाटेने निघते,
उतरताना त्याच वाटेने दमट हवा आत.
हवा परत जाते.
पाणी राहतं.

रविवारी तळवलीला गेले.
बाबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांना ऐकू कमी येतं,
आणि विमान म्हटलं की ते नुसते वर बघतात.
ते त्यांचंच सांगत होते: मिठागराचा बांध,
खाडीच्या तोंडाशी फळ्यांचं दार,
सत्तावीस वर्षं त्यांच्या हातात असलेली उघाडी.
"बांध काय, कोनी पन बांधंल.
फल्या कवा उचलाच्या ते ठावं पायजे.
पानी त आत येनारच गो."

जिताड्याचं ताट बाजूला सरकवून
मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
एक भोक काढलं. गोल. सहा मिलिमीटर.

सोमवारी सर त्या गोलाकडे बराच वेळ बघत बसले.
यातून मीठही आत येईल.
येऊ दे, मी म्हटलं. मग प्रत्येक बोर्डाला लेप, दोनदा,
निळ्या दिव्याखाली धरून तपासलेला;
पिनांना सोनं;
आणि भोक अशा कोपऱ्यात
जो विमानात बसवल्यावर सगळ्यात खाली येतो,
आपल्या टेबलावर नव्हे.
तस्लिम म्हणाली, दोनदा लेप म्हणजे माझे दोन दिवस.
हो, म्हटलं. दोन दिवस.

फॉर्मवर 'बदलाचे कारण' असा रकाना असतो.
लिहिलं: साचलेल्या पाण्याचा निचरा.
शेजारच्या 'संदर्भ' रकान्यात
मानकाचा क्रमांक लागतो.
तो मी नंतर शोधला.

आता पहाटेचे तीन. बेचाळिसावा तास.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादाच टँकर.
काच धूसर झालीय. बॅटरी तिरकी धरून
मी डब्याच्या बुडाकडे बघते.
भोकाच्या कडेला एक थेंब जमतो,
जाडावतो,
लोंबतो,
सुटत नाही.

आठ घ्यायला हवं होतं का?

वहीत वेळ लिहिते. तापमान लिहिते.
'निरीक्षण' कोरं सोडून
पुन्हा बॅटरी लावते.